पळसाचे पहिले फूल आणि नोंदवहीतली तारीख

वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे झाडांच्या फुलण्या-फळण्याच्या वेळेविषयी आहेत. बेळगाव जिल्ह्यातील खानापूरपासून अथणीपर्यंतच्या वाचकांनी एकमेकांना न विचारता एकाच गोष्टीकडे लक्ष वेधावे, याचा मला मनापासून आनंद झाला. म्हणून या वेळचे सदर या एकाच विषयाला दिले आहे. जागेअभावी पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आमच्या शाळेतील सहावी-सातवीच्या मुलांनी २०२५ मध्ये शाळेच्या वाटेवरचे ६ पळस एक शनिवार सोडून एक शनिवार पाहिले. २५ जानेवारीला एकही फूल नव्हते, ८ फेब्रुवारीला पहिले फूल दिसले. मुलांचा उत्साह पाहून यंदा आम्ही गावच्या शिवारातील ४० पळस निवडले आणि दर सोमवारी फेरी ठेवली. १९ जानेवारीला कुठेच फूल नव्हते. २६ जानेवारीला झेंडावंदन आटोपून गेलो, तर एका झाडावर फुले होती. म्हणजे यंदा पळस १३ दिवस लवकर फुलला. जुन्या ६ झाडांपैकी पहिले झाड मात्र २ फेब्रुवारीच्या फेरीत फुललेले दिसले. हवामानबदलाचा हा पुरावा मानून आम्ही तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात तक्ता मांडावा का? – एक शिक्षिका, खानापूर तालुका

उत्तर : बाई, आपण आणि आपल्या विद्यार्थ्यांनी केलेले काम मोलाचे आहे, आणि ते मोलाचे आहे म्हणूनच ‘१३ दिवस लवकर’ हे वाक्य तक्त्यावर लिहू नये, अशी माझी विनंती आहे. तुमच्या नोंदी खऱ्या आहेत. त्यांतून काढलेला निष्कर्ष मात्र त्या नोंदींना पेलणारा नाही.

आधी झाडांच्या संख्येचा विचार करू. पळसाला पाने तीनच, ती निपाणीत पाहा नाहीतर नागरगाळीत. पण फुलण्याच्या बाबतीत दोन पळस एकमेकांसारखे नसतात. बांधावरचा वेगळा, ओढ्याकाठचा वेगळा, मुरमाड माळावरचा आणखी वेगळा. समजा, एका शिवारातील सारे पळस ३० दिवसांच्या अवधीत, कुणी आज, कुणी उद्या, असे सारख्या प्रमाणात फुलू लागतात. त्यांतील कोणतीही ६ झाडे निवडली तर त्यांतले सर्वांत आधी फुलणारे झाड सरासरीने त्या अवधीच्या पाचव्या दिवशी फुलेल. ४० झाडे निवडली तर ते पहिल्याच दिवशी सापडेल. झाडांनी आपली वेळ तसूभरही बदललेली नसताना केवळ जास्त झाडे पाहिल्यामुळे ‘पहिले फूल’ सुमारे साडेतीन दिवस अलीकडे सरकले. वर्गात ६ मुले असोत की ४०, सर्वांत उंच मूल जास्त मुलांच्या वर्गात सापडण्याचा संभव अधिक; त्यावरून कुणी गावातली मुले उंच झाली असे म्हणत नाही.

दुसरी गोष्ट फेऱ्यांची. जो १४ दिवसांनी एकदा जातो, त्याला फूल उमलल्यानंतर सरासरी ७ दिवसांनी दिसते; जो ७ दिवसांनी जातो, त्याला साडेतीन दिवसांनी. म्हणजे फेऱ्या वाढवल्यामुळेही तारीख साडेतीन दिवसांनी अलीकडे आली. दोन्ही मिळून तुमच्या १३ दिवसांतले सुमारे ७ दिवस पळसाने नव्हे, पाहण्याच्या पद्धतीने आणले.

उरलेल्या ६ दिवसांचेही तसेच. गेल्या वर्षीच्या ६ झाडांतले पहिले फूल ८ फेब्रुवारीला ‘उमलले’ असे तुमची वही म्हणत नाही. ती एवढेच सांगते की ते २५ जानेवारीच्या फेरीनंतर आणि ८ फेब्रुवारीपर्यंत कधीतरी उमलले. यंदा त्याच ६ झाडांत ते २६ जानेवारीच्या फेरीनंतर आणि २ फेब्रुवारीपर्यंत उमलले. आता हे दोन अवधी शेजारी ठेवून पाहा. यंदाचा सारा आठवडा गेल्या वर्षीच्या पंधरवड्याच्या पोटात बसतो. यंदा ती झाडे १२ दिवस लवकर फुललेली असू शकतात, त्याच दिवशी फुललेली असू शकतात किंवा चक्क ७ दिवस उशिरा फुललेली असू शकतात. तुमच्या नोंदींवरून यांपैकी काहीही नाकारता येत नाही. जुनी ६ झाडे वेगळी ओळखता यावीत, अशा रीतीने तुम्ही झाडनिहाय नोंद ठेवलीत म्हणून तर हे कळले. पुष्कळ मोठमोठ्या नोंदींत एवढीही काळजी घेतलेली नसते.

एक बारकावा राहिला. पळसाची कळी मुलांना हातात घेऊन पाहायला सांगा. निष्पर्ण फांदीच्या टोकाला काळपट तपकिरी मखमलीचे गोळे लागल्यासारखा घोस असतो. मग त्या मखमलीची चीर उकलते आणि केशरी पाकळीचे वाकडे टोक बाहेर डोकावते. ‘हा पोपट तर नव्हे?’ या अर्थाने या झाडाला किंशुक म्हणतात, ते या वाकड्या चोचीमुळे. चीर उकलण्यापासून पाकळी पूर्ण मागे वळेपर्यंत काही दिवस जातात. ‘फूल आले’ हे यांतल्या कोणत्या टप्प्याला म्हणायचे? एका मुलाने केशरी टोक दिसताच ‘हो’ लिहिले आणि दुसऱ्याने पूर्ण उमललेल्या फुलाची वाट पाहिली, तर दोघांच्या तारखांत पडलेला फरक झाडाचा नसून व्याख्येचा असेल. व्याख्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी आणि ती मुले सातवी उत्तीर्ण होऊन गेली तरी बदलू नये.

पहिल्या फुलाचे आकर्षण मी समजू शकतो, मलाही ते आहे. परंतु मोजमाप म्हणून ते सर्वांत कमकुवत आहे, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण ते सगळ्या शिवारातल्या एका अपवादात्मक झाडावर, कधी तर एका फांदीवर अवलंबून असते. त्याऐवजी ४० पैकी २० झाडांवर फूल दिसले तो दिवस काढा. झाडांची संख्या वाढवल्याने किंवा घटवल्याने हा मधला दिवस एका बाजूला झुकत नाही. अमेरिकेत कोलोरॅडोच्या पर्वतात गॉथिक नावाच्या ठिकाणी ६० जातींच्या वनस्पतींच्या फुलांची ३९ वर्षे मोजणी झाली. मोजलेल्या फुलांची संख्या २० लाखांवर गेली. त्यातून दिसले ते असे की पहिले फूल, भर बहर आणि शेवटचे फूल या तिन्ही तारखा एकत्र सरकत नाहीत. काही जातींचे पहिले फूल अलीकडे आले, पण बहर जागचा हलला नाही. काहींचा बहर सरकला आणि शेवट लांबला. केवळ पहिले फूल टिपणाऱ्याला यांतले काहीच दिसले नसते.

तेव्हा तक्ता अवश्य मांडा. त्यावर दोन्ही वर्षांचे अवधी दोन पट्ट्यांनी दाखवा आणि ‘एवढ्यावरून बदल झाला असे म्हणता येत नाही’ हे वाक्य मुलांच्याच हस्ताक्षरात लिहा. जगभरच्या दीर्घ नोंदींत दिसणारा बदल दशकाला काही दिवस इतकाच असतो. पाहण्याच्या पद्धतीतून ७ दिवसांची चूक घुसत असेल, तर खरा बदल तिच्याखाली गाडला जातो, नाहीतर नसलेला बदल दिसू लागतो.

प्रश्न : माझे वय ७४ आहे. आमच्या लहानपणी पळस शिमग्याला फुलायचा, त्याच्या फुलांचा रंग करून आम्ही खेळायचो. आता शिमगा येईपर्यंत फुले गळून गेलेली असतात, असे दोन-तीन वर्षे पाहतो आहे. माझे निरीक्षण चूक म्हणायचे का? – एक शेतकरी, निपाणी

उत्तर : आपले निरीक्षण चूक म्हणण्याचे मला काही कारण नाही, आपण ते ज्या मापाने सांगितले आहे, ते माप मात्र वर्षागणिक लांब-आखूड होते. शिमगा तिथीवर चालतो आणि पळस सूर्यावर. पाडव्याचेच उदाहरण घ्या. २०२३ मध्ये पाडवा २२ मार्चला होता, २०२४ मध्ये ९ एप्रिलला, २०२५ मध्ये ३० मार्चला आणि यंदा १९ मार्चला. पळस दर वर्षी अगदी ठरल्या दिवशी फुलला असता, तरी पाडव्याच्या हिशेबाने तो २०२३ च्या मानाने २०२४ मध्ये १८ दिवस ‘लवकर’ फुलल्यासारखा वाटला असता, कारण मधे अधिक श्रावण येऊन गेला होता. यंदा ज्येष्ठ अधिक आहे, म्हणजे पुढच्या वर्षीचे शिमगा आणि पाडवा पुन्हा पुढे जातील आणि पळस पुन्हा ‘लवकर’ फुलल्यासारखा दिसेल.

याचा अर्थ जुन्या माणसांच्या आठवणी टाकाऊ आहेत असा मुळीच नाही. जपानमधील क्योटो शहरात चेरीच्या बहराच्या नोंदी नवव्या शतकापासून मिळतात. त्या कुणा शास्त्रज्ञाने ठेवलेल्या नाहीत. राजे, सरदार आणि भिक्षू यांच्या रोजनिशींत ‘आज फुले पाहायला जमलो’ असे जे उल्लेख आहेत, ते गोळा करून यासुयुकी आओनो या संशोधकाने ती मालिका जुळवली. या रोजनिशी जुन्या जपानी पंचांगाप्रमाणे लिहिलेल्या असल्यामुळे प्रत्येक तिथीचे आजच्या तारखेत रूपांतर करावे लागले. ते केले म्हणूनच, २०२१ मध्ये २६ मार्चला आलेला भर बहर हा तोवरच्या १२०० वर्षांतील सर्वांत लवकरचा होता, असे ठामपणे सांगता आले. तिथीचे रूपांतर न करता ती मालिका मांडली असती, तर अधिक मासांचे हेलकावे हवामानाचे म्हणून खपले असते.

आपल्याकडेही हे करता येते. पळस शिमग्याला फुलला होता हे ज्या वर्षाविषयी आपल्याला नक्की आठवते, ते वर्ष शोधा: थोरल्या बहिणीचे लग्न, विहिरीचे काम, घराची वास्तुशांत, काहीही आधार चालेल. त्या वर्षीचे पंचांग काढून शिमग्याची तारीख पाहा आणि ती लिहा. सगळ्या वर्षांचे मिळून एक सर्वसाधारण वाक्य करण्यापेक्षा खात्रीच्या तीन वर्षांच्या तीन तारखा कितीतरी अधिक उपयोगाच्या आहेत.

शेतकऱ्याजवळ आणखी एक पंचांग असते, ते नक्षत्रांचे. रोहिणी, मृग, आर्द्रा ही पावसाची नक्षत्रे सूर्याच्या स्थानावर ठरतात, म्हणून मृग दर वर्षी ७ किंवा ८ जूनला लागतो आणि अधिक मासाने तो हलत नाही. ‘मृगाच्या आधी चार दिवस धूळवाफेची पेरणी आटोपली होती आणि जांभळे खाली पडत होती’ असे आपले वडील सांगत असतील, तर त्या वाक्यातून एक-दोन दिवसांच्या फरकाने तारीख काढता येते. आपल्या घरातील अशी नक्षत्रांवर बांधलेली वाक्ये कृपया लिहून ठेवा. ती सांगणारी माणसे आता थोडी उरली आहेत.

प्रश्न : मी सातेरी मधमाशांच्या पेट्या ठेवतो. जांभूळ चार-आठ दिवस इकडे तिकडे फुलले तर निसर्गाचे एवढे काय बिघडते, की त्यासाठी तारखांचा इतका काटेकोरपणा हवा? – एक मधपाळ, जांबोटी परिसर

उत्तर : हा प्रश्न विचारायला आपल्याइतका योग्य माणूस नाही, कारण याचे उत्तर आपल्या पेटीतच आहे. राणीने आज घातलेल्या अंड्यातून कामकरी माशी बाहेर पडायला सुमारे तीन आठवडे लागतात, आणि ती पोळ्यातली कामे करून मकरंद आणायला बाहेर पडेपर्यंत आणखी दोन-तीन आठवडे जातात. म्हणजे जांभळाच्या बहरात मध गोळा करणाऱ्या माशीचे अंडे त्याआधी पाच-सहा आठवडे घातले गेलेले असावे लागते. जांभळाचे एक झाड दोन-तीन आठवडे फुलते. त्याआधीच्या फुलोऱ्यावर वसाहत वाढायची आणि जांभळावर मध साठायचा, असा हा क्रम आहे. त्या दोन बहरांतले अंतर आठ दिवसांनी कमी-जास्त झाले, तर माशा तयार होण्याआधी झाड फुलून जाते किंवा माशा तयार होऊन उपाशी बसतात. मग पावसाळ्यात साखरेचा पाक किती महिने घालावा लागतो, ते आपण जाणताच. रानातल्या पोळ्याला पाक घालणारे कुणी नसते.

म्हणून परिसरशास्त्रात एका झाडाच्या तारखेपेक्षा दोन तारखांमधले अंतर महत्त्वाचे असते, आणि नेमकी तिथेच चूक दुप्पट होते. फुलाची तारीख पाच दिवसांनी चुकली आणि माशीची विरुद्ध बाजूने पाच दिवसांनी चुकली, तर अंतरात १० दिवसांची खोट येते. त्या खोटीवरून ‘फूल आणि माशी यांची ताटातूट झाली’ असा निष्कर्ष काढला जातो किंवा खरी ताटातूट नजरेतून सुटते. दोन्ही वाईट, आणि माझ्या मते दुसरी अधिक वाईट.

उंबराचे उदाहरण मला फार महत्त्वाचे वाटते, कारण तिथे ‘सरासरी तारीख’ हा शब्दच फसवतो. उंबराचे कोवळे फळ फोडून पाहिले तर आतल्या भिंतीवर शेकडो बारीक फुले दाटीने दिसतात; फळ म्हणून आपण जे पाहतो, तो खरे तर आत वळलेला फुलोरा आहे. त्याच्या टोकाच्या अरुंद छिद्रातून एक चिमुकली गांधीलमाशी आत शिरते, शिरताना तिचे पंख गळून पडतात, ती परागीकरण करते, काही फुलांत अंडी घालते आणि आतच मरते. पुढे तिच्या पिल्लांतील माद्या पराग घेऊन बाहेर पडतात. त्यांचे आयुष्य एक-दोन दिवसांचे. तेवढ्या वेळात दुसऱ्या एखाद्या उंबरावर नेमक्या त्या अवस्थेतली कोवळी फळे असलीच पाहिजेत, नाहीतर तिचा वंश तिथेच खुंटतो. म्हणून एका झाडाची फळे बहुधा एका वेळी तयार होतात, पण रानातील सगळे उंबर मिळून वर्षभर आळीपाळीने फळतात. आता कुणी भीमगडच्या रानातील ३० उंबरांच्या तारखांची सरासरी काढून ‘उंबर एप्रिलमध्ये फळतो’ असे लिहिले, तर आकडेमोड बिनचूक असेल आणि विधान निरर्थक. तिथे विचारायचे ते असे : वर्षातला असा एखादा आठवडा आहे का, की ज्यात एकाही उंबरावर फळ नव्हते? आणि ते कळायला बारा महिने फेऱ्या हव्यात, केवळ उन्हाळ्याच्या सुट्टीत जाऊन चालत नाही.

त्या रिकाम्या आठवड्याची किंमत फक्त गांधीलमाशी मोजत नाही. आपल्या बाजूला धनेश आहे. विणीच्या काळात मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला बंद करून घेते, एक अरुंद फट तेवढी ठेवते, आणि नर तिला व पुढे पिल्लाला फळे आणून भरवतो. थोरल्या धनेशाचा हा काळ साधारण जानेवारीच्या अखेरीपासून मे महिन्यापर्यंत चालतो. त्या महिन्यांत वड, पिंपळ, उंबर यांच्या जातीतील कोणते झाड कधी पिकते, यावर ढोलीतल्या जिवांचे पोट अवलंबून असते. त्यांची जपणूक करायची तर कोणत्या आठवड्यात कोणते झाड त्यांना तारते, हे वनखात्याला ठाऊक हवे. ‘फळे उन्हाळ्यात येतात’ एवढ्या माहितीवर कोणते झाड राखायचे ते ठरवता येत नाही.

आपल्याला एक विनंती आहे. पेट्या उघडण्याच्या दिवशी जवळच्या ठरावीक दहा जांभळांवर कळी, फूल आणि कच्चे फळ यांपैकी काय आहे, ते त्याच वहीत टिपा. माशी आणि फूल या दोहोंची नोंद एकाच हाताने, एकाच दिवशी झालेली फार दुर्मीळ असते.

प्रश्न : आता उपग्रहांवरून जंगलाचा हिरवेपणा मोजता येतो आणि जुन्या ग्रंथांत प्रत्येक वनस्पतीचे फुलण्याचे महिनेही दिलेले आहेत. मग गावोगावी फिरून नोंदी करण्याची गरज उरते का? – वनस्पतिशास्त्राची एक विद्यार्थिनी, बेळगाव

उत्तर : दोन्ही साधने मोठ्या कामाची आहेत, पण त्यांना विचारायचे प्रश्न वेगळे. मोडिस या उपग्रह-उपकरणाच्या सर्वांत बारीक चित्रातला एक ठिपका २५० मीटर लांब-रुंद असतो, म्हणजे सुमारे १५ एकर. खानापूर तालुक्यात १५ एकरांत भाताची खाचरे, काजूची बाग, बांधावरची झाडे आणि रानाची कड, असे सगळे मावते. त्या ठिपक्याचा हिरवेपणा वाढला तर पालवी कुणाला फुटली हे त्यातून कळत नाही. सेंटिनेल-२ या उपग्रहांच्या चित्रांतले ठिपके १० मीटरचे असल्याने चित्र पुष्कळ स्पष्ट दिसते. पण जूनपासून सप्टेंबरपर्यंत कणकुंबी-जांबोटीवर ढगांचे आच्छादन असते आणि ही उपकरणे ढगांच्या खालचे पाहू शकत नाहीत. सागवान फुलतो तो याच दिवसांत. शिवाय फुलाने हिरवेपणा बदलतोच असे नाही. उपग्रहाने काढलेली पालवीची तारीख खरी की खोटी, हे शेवटी झाडाखाली उभ्या असलेल्या माणसाच्या वहीशीच ताडून पाहावे लागते.

जुन्या ग्रंथांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण तिथे होणारी चूक सूक्ष्म आहे. थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्यातील वनस्पतींवर लिहिलेला ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात भागाभागांनी प्रसिद्ध झाला. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होते, त्यामुळे बेळगाव आणि रामघाट येथे रिची यांनी गोळा केलेल्या नमुन्यांचे उल्लेख त्यात वारंवार येतात, आणि आपल्या भागाच्या दृष्टीने हे भाग्यच आहे. पण ग्रंथात फुलण्याचा काळ महिन्यांत दिलेला असतो. ‘जानेवारी ते मार्च’ या शब्दांशी आजच्या १० फेब्रुवारीची तुलना करून काहीही सिद्ध होत नाही.

त्यापेक्षा वनस्पतिसंग्रहालयातील मूळ नमुने अधिक बोलके असतात, कारण दाबून वाळवलेल्या प्रत्येक नमुन्यावर गोळा केल्याची तारीख आणि ठिकाण बहुधा लिहिलेले असते. तरी ती तारीख फुलण्याच्या सुरुवातीची नव्हे, तर संग्राहक तिथे पोहोचला त्या दिवसाची असते. त्या काळी फिरती बहुधा पावसाळा टळल्यावर, रस्त्याच्या कडेकडेने होई, आणि नमुना म्हणून भरगच्च फुललेली फांदी निवडली जाई. म्हणून हाती असलेल्या नमुन्यांतील सर्वांत आधीची तारीख ही खऱ्या सुरुवातीच्या नंतरचीच असते, आणि नमुने जितके थोडे तितकी ती अधिक नंतरची. समजा, एका जातीचे शंभर वर्षांपूर्वीचे ५ नमुने आहेत आणि आजची ५०० छायाचित्रे आहेत. दोन्हींतील पहिली तारीख जशीच्या तशी घेतली, तर आजचे फूल लवकर आले असे दिसणारच. खानापूरच्या ६ आणि ४० पळसांची जी गोष्ट वर सांगितली, तीच ही. हाती आलेल्या थोड्या तारखांच्या विखुरण्यावरून खऱ्या सुरुवातीचा आणि शेवटचा अंदाज बांधण्याच्या, आणि त्या अंदाजात किती दिवसांची अनिश्चितता आहे तेही सांगणाऱ्या संख्याशास्त्रीय रीती आता उपलब्ध आहेत. आपण पदव्युत्तर प्रकल्पासाठी विषय शोधत असाल, तर रामघाटच्या नमुन्यांवर ही रीत वापरून पाहावी, असे मी आग्रहाने सुचवीन.

सीमाभागात आणखी एक दक्षता घ्यावी लागते, ती नावांची. मराठी शाळेच्या वहीतला पळस शेजारच्या कन्नड शाळेच्या वहीत मुत्तुग असतो, जांभूळ नेरळे असते आणि उंबर अत्ती. एकाच झाडाच्या नोंदी दोन नावांखाली विभागल्या तर प्रत्येक नावापुढे तारखा थोड्या उरतात आणि अंदाज कच्चा होतो. दोन्ही भाषांतली नावे आणि शास्त्रीय नाव एका ओळीत लिहिलेली यादी आपल्या महाविद्यालयाने तयार करून आसपासच्या शाळांना दिली, तर मोठे काम होईल.

प्रश्न : आमच्या भागात रान नाही, पाऊस थोडा. दारात एकच कडुनिंब आहे. तुमच्या या नोंदींत त्याचा काही उपयोग होण्यासारखा आहे का? – एक गृहिणी, अथणी

उत्तर : ताई, होण्यासारखा आहे, आणि तो पुष्कळ आहे. आपल्या जिल्ह्याचे वैशिष्ट्यच हे की पश्चिमेला मलप्रभेच्या उगमापाशी, कणकुंबीला, धो धो पाऊस कोसळतो आणि पूर्वेला अथणीत शेतकरी ढगांकडे डोळे लावून बसतो. संपूर्ण जिल्ह्याची मिळून एकच तारीख काढली, तर ती या दोन्ही टोकांना लागू पडणार नाही. बहुतेक नोंदी घाटाकडच्या असतात, कारण हौशी माणसे रानात जातात. पूर्वेकडच्या नोंदींची वाण आहे, त्यामुळे आपल्या एका झाडाचे वजन तिकडच्या दहा झाडांपेक्षा अधिक ठरेल.

एका झाडावरून गावातले सारे कडुनिंब कधी फुलतात हे सांगता येणार नाही; परंतु तेच झाड त्याच्याशीच वर्षानुवर्षे ताडून पाहता येते, आणि झाडे बदलल्यामुळे येणारी चूक तिथे मुळीच शिरत नाही. शिवाय ते दारात आहे. आठवड्याची फेरी करणाऱ्याला जो दिवस अंदाजाने धरावा लागतो, तो आपल्याला सडा घालताना नेमका दिसेल. इंग्लंडमध्ये रॉबर्ट मार्शम या गृहस्थांनी १७३६ मध्ये आपल्या नॉरफकमधील जमिनीवर वसंताच्या खुणा टिपायला सुरुवात केली आणि त्यांच्या घराण्यातील पुढच्या पिढ्यांनी त्या नोंदी १९५८ पर्यंत चालू ठेवल्या. तिथे प्रयोगशाळा नव्हती. घर होते, झाडे होती आणि वही पुढच्या हाती देणारी माणसे होती. आपल्याकडे शाळांना आणि घरांना जोडून घेणारा सीझनवॉच हा उपक्रमही आहे; त्यात ठरावीक झाड दर आठवड्याला पाहून पाने, फुले आणि फळे ‘नाहीत, थोडी, पुष्कळ’ अशा तीन शब्दांत नोंदवतात.

कडुनिंबाची नवी पालवी आणि फुलांचे पांढरे तुरे पाडव्याच्या आगेमागे येतात, पण पाडव्याच्या भरवशावर राहू नये. कारण वर निपाणीच्या पत्राच्या उत्तरात दिलेले आहे. इंग्रजी तारीख लिहावी. पहिला तुरा उमलला तो दिवस, झाड निम्मे फुललेले वाटले तो दिवस, खाली सडा पडू लागला तो दिवस आणि पहिली पिवळी निंबोळी दिसली तो दिवस, एवढ्या चार नोंदी पुरे. गावाला जाण्याने चार दिवस पाहणे चुकले, तर ते चार दिवस ‘पाहिले नाही’ असे लिहावे. ‘फूल नाही’ असे लिहू नये, कारण या दोन नोंदींचा अर्थ अगदी वेगळा आहे.

आणि पहिल्या फुलाची वाट पाहत वही कोरी ठेवू नये. हा अंक हाती पडेल त्या दिवशी झाडाखाली जाऊन फांद्यांची टोके पाहावीत, आणि कळी नसेल तर त्या दिवसाच्या तारखेपुढे ‘कळी नाही’ असे लिहून वही सुरू करावी.